माझा चेहरा आणि नम्रताचा मसाला

माझ्या चेहऱ्याबद्दल माझी स्वतःची कधीही तक्रार नव्हती. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात नोकरी केली, तेव्हा या चेहऱ्याने मला पुष्कळ साथ दिली. कुणी काही मागायला आला की मी नुसता मान वर करून बघायचो आणि तो 'उद्या येतो' म्हणत आपण होऊन निघून जायचा. असा चेहरा जन्मतः मिळत नाही, नोकरीत राहून कमवावा लागतो. निवृत्तीच्या समारंभात आमचे साहेब म्हणाले, "विशेंच्या मनात काय आहे, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाच कधी कळलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते कौतुक समजून नारळ आणि शाल घेऊन घरी आलो. हाच चेहरा पुढे बायकोच्या धंद्याच्या मुळावर येईल असं त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाही उद्या यायला लावलं असतं.

धंदा बायकोचा, हे आधी सांगतो. नम्रताचं माहेर मुरबाडकडचं, धसईचं. तिच्या हातचा लाल मसाला दोन्हीकडच्या नातेवाइकांत मान्यता पावलेला. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात ती अख्ख्या गोतावळ्याचा मसाला करून देत आली आणि बदल्यात 'तुज्या हाताला चव हाय गो' एवढं ऐकत आली. यंदा तिने ठरवलं की मसाला विकायचा. शहापूरला एसटी स्टँडच्या मागे एक गाळा भाड्याने घेतला, स्वतःजवळचं होतं नव्हतं ते सगळं मिरचीत घातलं, आणि नाकाला पदर बांधून मिरची कांडपाच्या गिरणीत दिवसच्या दिवस उभी राहिली. या धंद्याचा मोसम होळीपासून पहिल्या सरीपर्यंत. आमच्याकडची बाई वर्षाचा मसाला एकदाच भरते. बरणीचं झाकण लागलं की पुढच्या होळीपर्यंत तिला मसालेवाला भेटला काय आणि न भेटला काय, सारखंच.

"या सालाला जमला तर जमला," नम्रता म्हणाली. "नाय तर गाळा सोडते नि गप घरात बसते. परत नाव नाय काढायची."

नम्रता बोलते ते करते, हा माझा जुना अनुभव. आणि ती घरात गप बसली तर माझ्यासमोरच बसणार, हेही उघड होतं. म्हणून मी तिला मदत करायचं ठरवलं. इथून पुढे जे झालं ते सगळं त्या मदतीमुळे झालं.

त्याच सुमारास मुरबाडला एका हॉलमध्ये छोट्या उद्योजकांसाठी मार्गदर्शन शिबिर होतं. जेवणासकट होतं. ठाण्याहून आलेले वक्ते भर उन्हाळ्यात कोट घालून उभे होते आणि पडद्यावर एकामागून एक चेहरे दाखवत होते. हसणारी बाई, छातीवर हात ठेवलेला डॉक्टर, बिस्किट खाऊन डोळे मिटलेला मुलगा. "गिऱ्हाईक वस्तू बघत नाही," ते म्हणाले, "गिऱ्हाईक चेहरा बघतं. जाहिरातीतल्या चेहऱ्यावर जे दिसतं, तेच त्याच्या मनात उतरतं. चेहऱ्यावर विश्वास असेल तर हात आपोआप खिशाकडे जातो." मी भारावून ऐकत होतो. माझ्या शेजारी शेवयांची मशिनं विकणारे एक गृहस्थ बसल्या बसल्या झोपले होते आणि त्यांच्या तोंडावर इतकं समाधान पसरलं होतं, की त्यांनी तेव्हा किंमत सांगितली असती तर मी मशीन घेऊनच उठलो असतो. सिद्धांत पटायला मला आणखी पुरावा नको होता.

प्रश्न एवढाच होता, की चेहरा कुणाचा घ्यायचा. आमच्या शेजारच्या गल्लीत भाविक नावाचा तरुण फ्लेक्स छापतो. त्याच्या कॉम्प्युटरात एक परदेशी बाई होती. दात मोत्यासारखे आणि हातात लाल मिरची. "काका, हिला टाकू. फुकट हाय," तो म्हणाला. मी जवळजवळ हो म्हणालो होतो, पण मला ती कुठेतरी भेटल्यासारखी वाटली. आठवल्यावर लक्षात आलं की शहापूरच्या दातांच्या दवाखान्यावर तीच आहे, खर्डीच्या रंगाच्या दुकानावर तीच आहे आणि किन्हवलीच्या एका इंग्रजी बालवाडीत मुलांना घ्यायला आलेली आईही तीच आहे. आमच्या तालुक्यात तिच्याइतकं काम दुसऱ्या कुणाला नसेल.

नम्रताला विचारलं तर ती पाटा धुता धुता म्हणाली, "माजा चेहरा खांबावर नाय टांगायचा." विषय संपला. राहिला माझा.

फोटो काढताना भाविक सारखा म्हणत होता, "काका, जरा हसा." पण विश्वासाचा चेहरा हसरा नसतो, हे माझं मत. बँकेचा मॅनेजर हसायला लागला तर माणूस ठेव काढून घेईल. मी पांढरा शर्ट घातला, केस चापून बसवले आणि ऑफिसातला चेहरा लावला. भाविककडे एक डिझाइन तयारच होतं, गोल चौकट आणि भोवती झेंडूची माळ. मजकूर मी स्वतः केला. वर 'आठवण कायम राहील', म्हणजे अर्थात चवीची, आणि घरगुतीपणा यावा म्हणून त्याखाली 'विशे परिवार, शहापूर'. 'नम्रता मसाले' ही अक्षरं सगळ्यात खाली, ठळक. पहिला फ्लेक्स धसईच्या बाजारात लावला, कारण तिथे नम्रताच्या माहेरची ओळख. तिथल्या खांबाला लागून चहाची टपरी होती आणि टपरीचं छप्पर नेमकं शेवटच्या ओळीवर आलं. लावणाऱ्याने ते मला कळवलं नाही. त्याच्या दृष्टीने चेहरा दिसत होता आणि पैसे चेहऱ्याचे होते.

इथे ठाण्याच्या वक्त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे खांबावर तीनच प्रकारची माणसं असतात. हात जोडून हसणारी निवडणूक लढवत असतात, काळा गॉगल लावून फोनवर बोलणारी वाढदिवसाची असतात, आणि गोल चौकटीत गंभीर असलेली वारलेली असतात. हे कुणी शाळेत शिकवत नाही, तरी पोराबाळांनाही येतं. मी मात्र शिबिरातून शिकून आलेला असल्यामुळे विसरलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. नम्रताचा थोरला भाऊ कोंडूदादा उतरला, मागून धसईच्या बायका उतरल्या, आणि उतरता उतरताच त्यांनी रडायला सुरुवात केली. दार मी उघडलं. रडणं थांबलं. मग कोंडूदादाने मला दंडाला हात लावून बघितलं.

"दाजी," तो म्हणाला, "तुमी हाय?"

"अहो दादा, फोन तरी करायचा."

"फोनवर काय विचारू? 'तुमी गेलात का' म्हणून?"

एवढ्या लांबून आलेल्या बायकांच्या तोंडावर सुटकेबरोबर थोडी निराशाही होती, हे मी चेहऱ्यांचा अभ्यास केलेला असल्यामुळे ओळखलं. त्यांना चहा दिला. शेजारच्या धोंडीबाई गडबड ऐकून आल्या आणि सगळं समजल्यावर म्हणाल्या, "चांगलाच झाला. खोटी बातमी उठली का आयुष वाढतंय." मला बरं वाटलं. नम्रताला वाटलं नाही, कारण तिला खरी अडचण त्याच क्षणी दिसली होती.

सुतकाच्या घरात फोडणी पडत नाही, हळद-तिखटाला हात लागत नाही. अशा घरातून वर्षाचा मसाला नेऊन बरणीत कोण भरेल? धसईच्या बाजारातून ही बातमी मुरबाडला गेली, मुरबाडहून एसटीने शहापूरला आली. गाळ्यावर बायका यायच्या, नम्रताच्या हातावर हात ठेवायच्या, जरा वेळ गप बसायच्या आणि उठून जायच्या. 'ते जिवंत आहेत' असं ती सांगायची, तर 'असं वाटतंच गो सुरवातीला' म्हणून समजूत काढायच्या. मी मुद्दाम गाळ्याबाहेर खुर्ची टाकून बसलो. त्याने फरक पडला नाही. माझा भाऊ माझ्यासारखाच दिसतो, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं.

फ्लेक्स उतरवला. पण मी हार मानणारा नव्हतो. सिद्धांत बरोबर होता, चेहरा चुकला होता. धोंडीबाईंनीही तेच सांगितलं, "जरा हसावा रे माणसानं. बगणाऱ्याला वाटला पायजे, हा काय मेलेला नाय." मग मी आरशासमोर हसायची सवय केली. सुरुवातीला गालांना त्रास झाला. नव्या फ्लेक्सवर मी दात दाखवून हसत होतो, आणि हात कुठे ठेवावेत ते न सुचल्यामुळे जोडले होते. तोच फोटो छोट्या पुड्यांवर चिकटवला. 'चाखून बघा, फुकट' असं म्हणत खर्डी स्टेशनाबाहेर आणि शहापूरच्या बाजारात मी स्वतः पुड्या वाटल्या. लोक हसून घेत होते, माझे हात हातात घेत होते. एकाने तर विचारलं, "निशाणी काय तुमची?" मला वाटलं ट्रेडमार्कबद्दल विचारतोय. "मिरची," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात पंचायत समितीच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. मी पेपर वाचतो, पण ज्या निवडणुकीत आपण उभे नाही तिच्या तारखा कोण लक्षात ठेवतो? भरारी पथक दुपारी गाळ्यावर आलं. पुड्या जप्त केल्या. मग मागे रचलेल्या गोण्याही, कारण मतदारांना वाटायचा साठा तोच. पंचनामा झाला, दाभणाने भोकं पाडून गोण्यांना सुतळी ओवली, मोहोर लावली. नम्रता एका बाजूला उभी राहून बघत होती.

कचेरीतले साहेब वागायला चांगले होते. माझं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी उमेदवार नाही," मी म्हणालो.

"असं तुमी म्हणता. कागद काय म्हणतो?"

"कागदच नाही. मी अर्जच भरलेला नाही."

"तीच तर अडचण हाय," साहेब म्हणाले. "अर्ज भरायची मुदत संपलेली नाय, म्हणजे तुमी अजून भरू शकता. माल निकालानंतर सुटेल."

निकाल पावसात होता. दमट हवेत मसाल्याला जाळी धरते, आणि धरली नाही तरी तोवर तालुक्यातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं लागलेली असणार. मी माझा ऑफिसातला चेहरा लावून बघितला. साहेबांनी त्याहून चांगला लावला. मग त्यांनाच दया आली असावी. त्यांनी नियम वाचून दाखवला. ज्या उमेदवाराने माघार घेतली, त्याचा माल त्याच दिवशी परत करता येतो. जो उमेदवारच नव्हता त्याच्याबद्दल नियमात काही नव्हतं.

म्हणजे माल सोडवायचा तर माघार घ्यायला हवी, आणि माघार घ्यायची तर आधी उभं राहायला हवं. मी नोकरीत असे नियम इतरांना पुष्कळ ऐकवले होते. ऐकून घेताना ते जरा वेगळे वाटतात.

"भरा नि काढा," नम्रता म्हणाली. "मधे कुठं थांबू नका."

अर्जाला काय काय लागतं ते मला तेव्हा कळलं. थकबाकी नसल्याचा दाखला, मुलं किती याचं लिहून देणं, आणि आपण शौचालय वापरतो याचा दाखला. हा शेवटचा मिळवायला मी ज्या कर्मचाऱ्याकडे गेलो, तो माझ्याकडे बराच वेळ निरखून बघत राहिला. चेहऱ्यावरून ठरवत होता बहुधा. सूचक म्हणून धोंडीबाईंनी सही केली आणि पुढे सगळ्या आळीला सांगितलं की विशेंच्या हरेशला मीच उभा केला.

आता खरं सांगायचं तर, अर्ज भरल्यापासून माझे दिवस बरे गेले. स्टँडवरचा कंडक्टर नमस्कार करू लागला. लोक दारात येऊन नळाच्या पाण्याची तक्रार सांगू लागले आणि मी ती गंभीरपणे ऐकू लागलो. लडकूशेठ म्हणून एक मोठे विटभट्टीवाले त्याच जागेसाठी उभे होते. ते स्वतः गुच्छ घेऊन घरी आले.

"विशेसाहेब, तुमचा फोटो बगला. काय हसलाय तुमी," ते म्हणाले. "आमाला असा हसाय येत नाय. माघारीचा जरा बगा."

ज्या चेहऱ्याने आयुष्यभर माणसं परत पाठवली, त्या चेहऱ्याला कुणीतरी घाबरत होतं. मी 'विचार करतो' म्हणालो. आत नम्रताच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटलं. कोंडूदादाचा धसईहून फोन आला, "दाजी, मागं हटू नका. मेलेला माणूस परत येऊन उभा राहातो, असा कुठं घडतंय? लोक देतील तुमाला." यात तथ्य आहे असं मला वाटू लागलं. मसाला काय, पुढच्या वर्षीही होईल. लोकांची इच्छा मात्र दर वर्षी नसते.

माघारीच्या शेवटच्या दिवशी मी कचेरीत गेलो तो या अवस्थेत. आवारात माणसं जमली होती. लडकूशेठची होती, आणि थोडी, हे बघून मला आनंद झाला, माझीही होती. टेबलावर कागद होता, पेन होतं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मी पेन उचललं, ठेवलं, पाणी मागितलं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "विशेसाहेब, उभे राहा." मी दाराकडे वळून हसलो. तेच हसू, फ्लेक्सवरचं.

दारात नम्रता उभी होती. तशीच गाळ्यावरून आली होती, सांडलेला मसाला गोळा करून बोटं अजून लाल. ती रागावली असेल म्हणून मी तयारीत होतो. तिचा राग मला ओळखीचा आहे, त्यावर काय करायचं तेही ठाऊक आहे. पण तिच्या तोंडावर राग शोधून सापडेना. ती माझ्याकडे बघत होती, जसे लोक उमेदवाराकडे बघतात. हा गोड हसतोय, हा काही करणार नाही, हे आधीच माहीत असल्यासारखी. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मला भीती वाटली. साधी, सरळ भीती.

मी सही केली.

"झाली?" तिने विचारलं.

"झाली."

"मग चला. गोण्या उचलायला माणूस नाय."

टेम्पो नव्हता. तालुक्यातले सगळे टेम्पो प्रचाराला लावले होते. हातगाडीही मिळाली नाही. मग पहिली गोणी मी पाठीवर घेतली आणि बाजारातून निघालो. पंचनाम्यात दाभणाने पाडलेली भोकं होतीच. पावलागणिक त्यातून मसाला निसटून मानेवर, गालावर येऊ लागला. आधी नाक गळायला लागलं, मग डोळे. दोन्ही हात गोणीला, पुसणार कशाने? पाण्याच्या टाकीपर्यंत आलो तेव्हा माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ओठ थरथरत होते. सगळंच मिरचीचं होतं असं नाही. तिच्या त्या बघण्यातलं थोडं होतं.

बाजार थांबून बघत होता.

"माघार घेतली ना बिचाऱ्यानं," एक भाजीवाली म्हणाली.

"किती लागलाय मनाला."

"लडकूशेठनं दाब टाकला असंल."

"नि आता बायकोचा मसाला स्वतः वाहातोय बग. गरीब माणूस गो."

मला सांगायचं होतं की हे मिरचीचं आहे. तोंड उघडलं तर ठसका लागला आणि तो हुंदक्यासारखा निघाला. भाजीवालीने पाटी झाकली आणि मागे चालू लागली. तिच्या मागे आणखी दोघी, मग चपला विकणारी, मग स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या धसईच्या बायका. मी गाळ्यावर पोचून गोणी टेकली तेव्हा मागे रांग लागली होती. कुणी भाव विचारला नाही. "किलोभर द्या, माणसाला धीर येईल," असं म्हणून बायका पिशव्या पुढे करत होत्या. सुतकाचं घर असल्याची आठवण कुणाला राहिली नव्हती. नम्रता मापं भरत होती आणि मान वर करायला तिला उसंत नव्हती. पहिली गोणी बघता बघता तळाला गेली.

मी खिशातून रुमाल काढला.

"डोळे पुसू नका," नम्रता हळूच म्हणाली. "अजून गोण्या आणायच्यात."